घरच्या प्रवाळ टँकचं पाणी आपोआप तपासणारं यंत्र: दीड वर्षाचा अनुभव आणि एक महागात पडलेली चूक

खारं_पाणी (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,

माझ्या बेसमेंटमध्ये ८० गॅलनचा, म्हणजे साधारण ३०० लिटरचा प्रवाळांचा टँक आहे. सहा वर्षं झाली. दिवसातून चार वेळा पाणी तपासणारं यंत्र घेऊन दीड वर्ष झालं, आणि गेल्या महिन्यात त्याच यंत्राच्या आकड्यावर विसंबून राहिल्यामुळे माझ्या चार ॲक्रोपोराची (फांद्या फुटणारे कठीण प्रवाळ) टोकं जळाली. दोन वाचतील असं दिसतंय, दोन गेल्या. असं यंत्र घ्यायच्या विचारात कुणी असेल तर उपयोग होईल म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. यंत्राचं नाव मुद्दामच देत नाही. पंपाने नमुना ओढणाऱ्या कुठल्याही यंत्रात हे होऊ शकतं.

विषय नवा असणाऱ्यांसाठी थोडं आधीपासून सांगतो. कठीण सांगाड्याचे प्रवाळ पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलून आपला सांगाडा बांधतात. समुद्र एवढा मोठा की त्याला त्याचा पत्ताही लागत नाही, पण ३०० लिटरला रोज लागतो. अल्कलिनिटी, म्हणजे ढोबळमानाने पाण्यातल्या त्या कार्बोनेटचं माप (आम्ही सगळे तिला केएच म्हणतो, एकक डीकेएच), समुद्रात साडेसहा ते सात डीकेएच असते, टँकमध्ये बहुतेक जण आठ-नऊ धरून चालतात. माझ्याकडे ती रोज दीड डीकेएच खर्च होते. म्हणजे डोसिंग (रोज खायचा सोडा घालून हा खर्च भरून काढणं) दोन दिवस बंद पडलं तर आठाचे पाच होतात. त्याच दोन दिवसांत कॅल्शियम ४२० पीपीएमवरून जेमतेम ४०० वर येतं, कारण २.८ डीकेएच खर्चाला कॅल्शियम फक्त २० पीपीएम लागतं. म्हणून कॅल्शियम-मॅग्नेशियम आठवड्याने तपासलं तरी चालतं, केएचवर मात्र रोज नजर हवी.

आधी मी हाताने तपासत होतो. सिरिंजने ४ मिली पाणी घ्यायचं, रंगाचे थेंब टाकायचे, मग दुसऱ्या सिरिंजने आम्ल थेंब थेंब सोडत निळसर हिरव्याचा गुलाबी होईपर्यंत बाटली हलवत राहायचं. मला गुलाबी दिसायचं तेव्हा बायकोला अजून नारिंगीच दिसायचं. शिवाय हे सगळं ऑफिसमधून आल्यावर, म्हणजे रोज संध्याकाळीच. त्यामुळे दिवसभरात पाण्याचं काय होतं ते मला कधी कळलंच नाही.

यंत्र लावल्यावर पहिल्या आठवड्यातच कळलं. दिवे सकाळी दहाला लागतात. तिथून केएच घसरायला लागतो, दुपारी सगळ्यात वेगाने, आणि रात्री परत वर चढतो. प्रवाळ उजेडात सांगाडा जास्त वेगाने बांधतात हे वाचलं होतं, पण आपल्याच टँकची ती रेघ समोर दिसली तेव्हा मी फोन घेऊन वरच्या मजल्यावर सगळ्यांना दाखवत फिरलो. तोवर माझा सोड्याचा डोस चोवीस तासांत सारखा वाटलेला होता. सकाळी ८.६ आणि संध्याकाळी ७.७ असा झोका रोज चालू होता. डोसचा मोठा वाटा दिवसा सरकवला आणि झोका ०.३ वर आला. एवढ्या एका गोष्टीसाठीही मी यंत्र पुन्हा घेईन.

आता चूक. आठ-नऊ महिने आकडे हाताच्या तपासणीशी जुळत राहिले, तसा माझा विश्वास बसला. हाताने तपासणं मी बंद केलं आणि डोस कमी-जास्त करायचा अधिकार यंत्राला दिला: केएच ८.१ ठेव, त्यासाठी लागेल तेवढा सोडा घाल. पुढच्या दहा आठवड्यांत रोजचा सोडा साडेतेरा ग्रॅमवरून पंधरावर गेला. मला आनंद झाला. खप वाढतोय म्हणजे प्रवाळ वाढतायत, असा मी अर्थ लावला.

एका शनिवारी टँकसमोर बसलो होतो. निळ्या ॲक्रोपोराच्या फांद्यांची टोकं पांढरी दिसली. वाढीची टोकंही फिकट असतात, पण त्यांच्यावर बारीक पॉलिप (प्रवाळाचे इवलेसे जीव) असतात. ही तीन-चार मिलिमीटरपर्यंत गुळगुळीत होती, नुसतं हाड. भिंग लावून पाहिलं, मांस मागे सरकलेलं. यंत्राचा आकडा ८.१. हाताने तपासलं, ९.८. विश्वास बसला नाही म्हणून हॅना कंपनीच्या फोटोमीटरने (रंग डोळ्याऐवजी उपकरण वाचतं) तपासलं, १०.०.

मग यंत्राची नमुन्याची नळी काढून मोजपात्रात सोडली आणि हाताने एक फेरी चालवली. ५० मिली यायला हवं होतं, ४१ आलं. पंपाचं डोकं उघडलं. रोलरखालची सिलिकॉनची नळी एका बाजूने चपटी झाली होती, बोटांनी चिमटली तर परत फुगेना. यंत्र कमी पाणी ओढत होतं, आम्ल अचूक घालत होतं आणि भागाकार मात्र ५० मिलीनेच करत होतं.

तुमच्याकडे कोणतं यंत्र आहे? पंपाची नळी किती दिवसांनी बदलता? आणि डोसिंगची दोरी यंत्राच्या हातात दिलीय का?

---

समुद्रफेन (टोरांटो)

वाचून फार वाईट वाटलं. सहा वर्षांचे प्रवाळ म्हणजे घरातलीच माणसं.

माझा टँक १२० लिटरचा. मऊ प्रवाळ, झोआंथस आणि दोन क्लाउन मासे. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलते. मला असं यंत्र घ्यायची गरज आहे का? नवऱ्याला फार हौस आहे.

---

खारं_पाणी

समुद्रफेन, नाही. मऊ प्रवाळांना कठीण सांगाडा नसतो, केएचचा खप नगण्य. आठवड्याचं पाणी बदलताना जेवढं मीठ मिसळता त्यातून सगळं भरून निघतं. ते पैसे चांगल्या आरओ-डीआय फिल्टरवर (नळाच्या पाण्यातले क्षार काढून टाकणारा) आणि एका जास्तीच्या हीटर कंट्रोलरवर घाला. हीटर अडकून चालू राहिल्यामुळे गेलेले टँक मी केएचमुळे गेलेल्यांपेक्षा जास्त पाहिलेत.

---

मिठागर (पणजी)

समुद्राच्या पाण्याची अल्कलिनिटी मोजण्यात माझी नोकरीची बरीच वर्षं गेली, त्यामुळे राहवलं नाही. टँक पाळलेला नाही, पण रसायन तेच.

तुमचा हिशेब मी करून पाहिला. ८.१ गुणिले ५० भागिले ४१ म्हणजे ९.९. हाताच्या दोन्ही आकड्यांच्या बरोबर मधे. म्हणजे दुसरा कुठलाही दोष शोधायची गरज नाही, सगळी चूक त्या नळीत सापडली.

अल्कलिनिटी मोजण्याची रीत साधी आहे. ठरावीक पाणी घ्यायचं आणि पीएच साधारण साडेचारपर्यंत उतरेतो मोजून आम्ल घालायचं. तोवर बायकार्बोनेटचा कार्बन डायॉक्साइड होऊन जातो. किती आम्ल लागलं त्यावरून उत्तर. म्हणजे यात मोजमापं दोनच, पाणी आणि आम्ल, आणि चुकाही दोनच दिशांनी होतात. पाणी कमी आलं तर आकडा खाली दिसतो, डोसर (सोडा घालणारा पंप) जास्त सोडा घालतो, खरा केएच चढत जातो. तुमचं हे झालं. आम्लाच्या नळीत हवेचा बुडबुडा शिरला तर उलटं: पंप फेऱ्या मारतो पण आम्ल पोचत नाही, म्हणून आकडा वर दिसतो, डोसर हात आखडतो आणि खरा केएच घसरतो. आम्लाची बाटली संपत आली की हे होतं, आणि ते दोन-तीन दिवसांत लक्षात येतं कारण आकडा एकदम उडी मारतो. नळी झिजण्याची चूक मुंगीच्या पावलाने येते, म्हणून ती जास्त वाईट.

अजून एक. तुम्ही म्हणता खप वाढला त्याचा आनंद झाला. तो खप काही अंशी खरा होता! अल्कलिनिटी वाढली की प्रवाळ सांगाडा जास्त वेगाने बांधतात, म्हणजे सोडा जास्त खातात. १०० लिटरला १ डीकेएच वाढवायला ३ ग्रॅम खायचा सोडा लागतो. तुमच्या ३०० लिटरला ८.१ वरून ९.९ वर न्यायला साधारण १६ ग्रॅम. दहा आठवड्यांत तुम्ही किलोभर सोडा घातला असेल, त्यातला जास्तीचा राहिला तो फक्त तीन-साडेतीन चहाचे चमचे. बाकीचा प्रवाळांनी खाल्ला. आलेखात ही चूक ओळखू आली नाही यात नवल नाही.

प्रयोगशाळेत आम्ही नमुना आकारमानाने न घेता वजनाने घ्यायचो, आणि दर खेपेला संदर्भजल चालवायचो. सान डिएगोच्या स्क्रिप्स संस्थेतल्या अँड्र्यू डिक्सन यांच्या प्रयोगशाळेचं प्रमाणित समुद्रजल जगभर वापरलं जातं. त्याची अल्कलिनिटी आधीच नेमकी मोजलेली असते, आपलं यंत्र तोच आकडा देतं का बघायचं. घरी तेवढं नको, पण तत्त्व तेच ठेवा.

घरगुती प्रमाण द्रव असा करा. २.५२ ग्रॅम शुद्ध खायचा सोडा (बेकिंग पावडर अजिबात नको, त्यात आम्लाचं मीठ आणि स्टार्च असतो) १ लिटर आरओ-डीआय पाण्यात विरघळवा. त्यातलं १०० मिली घेऊन पुन्हा १ लिटर करा. हे झालं ८.४ डीकेएच. पूर्ण भरलेल्या, घट्ट बुचाच्या बाटलीत ठेवा. हाताच्या किटची परीक्षा याने उत्तम होते. पीएच प्रोबवर चालणाऱ्या यंत्राला मात्र गोडं पाणी आणि खारं पाणी यांत किंचित फरक जाणवतो. त्यासाठी मिठाचं ताजं पाणी एकदाच वीसेक लिटर कालवा, हाताने चार वेळा तपासून सरासरी बाटलीवर लिहा आणि दर रविवारी यंत्राला तेच पाजा. आकडा हलला की यंत्र हललं.

---

खारं_पाणी

मिठागरकाका, मनापासून आभार. खरा खपही वाढला होता हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दहा आठवडे मी आलेख रोज बघत होतो आणि तो मला पटण्यासारखीच गोष्ट सांगत होता. वीस लिटर पाणी आज रात्रीच कालवतो.

---

इझारकाठ (म्युनिक)

माझ्याकडे जीएचएलचा केएच डायरेक्टर आहे, कंपनी जर्मनीचीच, कैसर्सलाउटर्नची. पीएच प्रोब लावून आम्ल घालत जातो, म्हणजे काकांनी सांगितलेली रीत. प्रोब असलेल्या यंत्रांत प्रोबचं कॅलिब्रेशन हाही मुद्दा असतो. कॅलिब्रेशन पीएच ४ आणि ७ च्या द्रवांनी करा. टँकचा पीएच मोजायला बरेच जण ७ आणि १० वापरतात, पण इथे शेवटचा बिंदू साडेचारला आहे, तिथेच प्रोब खरा हवा.

हाँगकाँगच्या फोकस्ट्रॉनिकचं अल्कट्रॉनिकही प्रोबवरच चालतं. कॅलिफोर्नियाच्या नेपच्यूनचा ट्रायडंट वेगळा: तो रंगबदल प्रकाशाने वाचतो, केएचबरोबर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही तपासतो, नेहमीच्या वेळापत्रकात केएच दिवसाला चारदा आणि बाकीची दोन दोनदा. त्याला त्याच कंपनीचा एपेक्स कंट्रोलर लागतो आणि दोन महिन्यांनी रिएजंटचा (तपासणीच्या रसायनांचा) नवा संच. विकत घेताना यंत्राच्या किमतीपेक्षा या संचांचा वर्षाचा खर्च आधी काढा.

आता एका गोष्टीकडे लक्ष वेधतो, जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तुमचं यंत्र दर तपासणीला ५० मिली पाणी फेकतं. दिवसाला चार म्हणजे २०० मिली, महिन्याला ६ लिटर. ते पाणी खारं जातं आणि त्याच्या जागी ऑटो टॉप-ऑफ (पाण्याची पातळी आपोआप राखणारं यंत्र) गोडं पाणी भरतं. ६ लिटरमध्ये २१० ग्रॅम मीठ. ३०० लिटरच्या टँकची क्षारता ३५ वरून महिन्यात ३४.३ वर येते. तीन महिन्यांत ३३ च्या जवळ. मी पाणी बदलताना तेवढं मीठ जास्त मिसळतो. नळ्या धुवायला यंत्र आधी थोडं पाणी ओढून टाकत असेल तर तेही धरा.

टाकाऊ पाणी परत संपमध्ये (टँकला जोडलेल्या खालच्या टाकीत) सोडू नका, कितीही मोह झाला तरी. त्यात आम्ल असतं, ट्रायडंटच्या बाबतीत रंगही.

---

प्रवाळप्रेमी_पुणे

सगळ्यांचे प्रतिसाद वाचून फार शिकायला मिळालं. पुण्यात कुणी असा टँक ठेवतं का? मी गोड्या पाण्यात वनस्पतींचे टँक गेली आठ वर्षं करतोय. आता ॲक्रोपोरा ठेवायची फार इच्छा आहे.

---

मालवणी_मासो (मालवण)

पुणेकर, थांबा. भारतात ॲक्रोपोराच काय, कुठलाही कठीण प्रवाळ घरात ठेवू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत हे प्रवाळ २००१ पासून आहेत. वाघ ज्या यादीत आहे तीच यादी. कुणी दुकानदार "चालतं हो" म्हणाला तरी ऐकू नका, समुद्री पंखे आणि काळे प्रवाळही त्याच यादीत येतात.

प्रवाळ बघायचेत तर इकडे या. आमच्या किल्ल्याच्या आसपास खडकांवर आहेत, १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पावसाळा संपून पाणी निवळलं की मास्क लावून वरूनही दिसतात. फक्त पाय टेकवायचा नाही आणि होडीवाल्याला नांगर खडकावर टाकू द्यायचा नाही. मी स्वतः पर्यटकांना घेऊन जातो, दर हंगामात नांगराने उखडलेला एखादा तुकडा दिसतो आणि दिवस खराब जातो. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची. तिथे तर पाण्याखाली अख्खं प्रवाळांचं पठार.

खारं_पाणी, तुमच्या यंत्रासारखं काही खाडीच्या पाण्याला लावता येईल का हो? उन्हाळ्यात इथलं पाणी तापतं तेव्हा प्रवाळ फिके पडलेले मी पाहिलेत. कुणी सतत मोजत असतं तर बरं झालं असतं.

---

प्रवाळप्रेमी_पुणे

कायदा माहीत नव्हता, बरं झालं विचारलं. टँकचा विचार सोडला. दिवाळीनंतर मालवणला येतो, तुम्हाला निरोप पाठवतो.

---

मिठागर

मालवणकर, खाडीत अल्कलिनिटीपेक्षा तापमान मोजणं जास्त मोलाचं आणि कितीतरी सोपं. प्रवाळ फिके पडतात ते मुख्यतः उष्णतेने. बॅटरीवर चालणारा, पाण्यात बुडवून ठेवायचा तापमान नोंदवणारा लॉगर मिळतो, अंगठ्याएवढा. पण अभयारण्यात काहीही बसवायचं तर वन खात्याची परवानगी हवी. तुम्ही दर फेरीला तारीख, वेळ, खोली आणि तापमान वहीत लिहीत गेलात तरी दहा वर्षांनी त्या वहीला सोन्याचं मोल येईल. आत्तापासून सुरू करा.

---

समुद्रफेन

नायट्रेट आणि फॉस्फेटचं काय? ते आपोआप तपासणारं काही आहे का? आणि सगळे जण आयसीपी तपासणीचं नाव घेतात, पाणी प्रयोगशाळेत पाठवायचं. मग ही यंत्रं कशाला?

---

इझारकाठ

आहेत. रीफ किनेटिक्सचा रीफबॉट आणि फोकस्ट्रॉनिकचं मास्टरट्रॉनिक ही यंत्रं बाजारातलीच रंगाची किट वापरतात, फक्त हात यंत्राचा. नेपच्यूनचाही ट्रायडंट एनपी आहे. पण नायट्रेट-फॉस्फेट केएचसारखे तासातासाला हलत नाहीत. माझं मत, आठवड्यातून एकदा हाताने पुरे.

आयसीपीचं काम वेगळं. ती मूलद्रव्यं मोजते: कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, आयोडीन, आणि गंजलेल्या चुंबकातून किंवा क्लॅम्पमधून उतरलेलं तांबं, कथील, ॲल्युमिनियम. अल्कलिनिटी तिला मोजता येत नाही. आणि बाटली पोस्टाने जाऊन उत्तर येईपर्यंत आठवडा जातो. तेवढ्यात केएच पाचवर येऊन टँक संपलेला असेल.

खारं_पाणी यांचा नायट्रेट किती होता? ही टोकं जळायची तक्रार पोषक द्रव्यं शून्याजवळ असलेल्या टँकमध्ये जास्त दिसते, तीही केएच चढल्यावर. माझ्या ओळखीत एक जण दहा-अकरावर टँक चालवतो, पण त्याचा नायट्रेट दहाच्या आसपास असतो.

---

खारं_पाणी

बरोबर पकडलंत. किटचा रंग अगदीच पारदर्शक होता, म्हणजे शून्य. स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) जोरात चालू होता आणि मासे कमी. तेव्हापासून स्किमर रात्री बंद ठेवतोय आणि माशांना दिवसातून एक वेळ जास्त खाणं घालतोय.

क्षारता आजच मोजली, ३३.६. पाणी बदलताना घातलेल्या मिठामुळे थोडी सावरली असावी, नाहीतर अजून खाली गेली असती. हे दीड वर्ष माझ्या लक्षात आलं नव्हतं. तुमचे उपकार.

---

खारं_पाणी

तीन आठवड्यांनंतरची खबर.

पंपाची नळी बदलली. नवीन नळीने मोजपात्रात ४९.८ मिली दिलं. जुनी चपटी नळी पंपाशेजारीच खिळ्याला टांगून ठेवलीय, नव्या नळीवर बदलल्याची तारीख लिहिलीय आणि दर सहा महिन्यांची आठवण फोनवर लावलीय. काकांच्या सांगण्यावरून कालवलेलं पाणी काचेच्या बाटल्यांत भरलं, हाताची सरासरी ८.७. दर रविवारी सकाळी यंत्राला एक बाटली. तीन रविवारचे आकडे: ८.७, ८.६, ८.७.

केएच ९.९ वरून एकदम खाली आणला नाही. रोजचा सोडा थोडा कमी करून खपानेच उतरू दिला, दिवसाला ०.२ च्या आसपास. आता ८.३ आहे. डोस बदलायचा अधिकार यंत्राकडून पूर्ण काढला नाही, पण कुंपण घातलंय: रोजच्या ठरलेल्या डोसच्या १० टक्क्यांपलीकडे ते वर-खाली जाऊ शकत नाही, आणि जायची वेळ आली तर मला संदेश पाठवतं. हे कुंपण आधी असतं तर साडेतेराच्या पंधरा ग्रॅमला, नवव्या की दहाव्या आठवड्यात, पण टोकं जळायच्या आधी मला संदेश आला असता.

निळ्या ॲक्रोपोराच्या एका फांदीवर हाडाच्या कडेने मांस परत वर चढायला लागलंय. काल भिंगातून पाहिलं, साधारण एक मिलिमीटर. हिरवीची खालची फांदी कापून वेगळी चिकटवलीय, ती उघडतेय. गेलेल्या दोन काढून टाकल्या.

मालवणकर, मे महिन्यात आम्ही सगळे देशात येतोय. मुलीने खरे प्रवाळ फक्त काचेतून पाहिलेत. तेव्हा पाणी निवळ असतं का?

---

मालवणी_मासो

मे अखेरीक पाणी गढूळ होऊक लागता, म्हणून पहिल्या पंधरवड्यातच या. वारा सकाळी कमी असतो, सातला होडी काढू. चिमुरडीला तिच्या मापाचा मास्क तिकडूनच आणा, इकडे लहान मापाचे चांगले मिळत नाहीत. आणि काकांचं ऐकून वही सुरू केलीय. काल सकाळी साडेसातला, दोन मीटरवर, २८.४.